कट्टप्पाचं उत्तर आमच्या पिन्नीनं विड्या वळता वळता दिलं होतं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एका रिटायर गृहस्थांचं पत्र आलं होतं. आजकालची पोरं रात्र रात्र जागून त्या नवीन बाहुबलीवर वाद घालतात, मेलेला माणूस पाताळात कशाला गेला, तिथून परत येणार का, आणि हे सगळं कशासाठी तर एका कार्टूनसाठी, यांना दुसरे उद्योग नाहीत का, असं. पत्र तसं मजेशीर होतं म्हणून मी कारखान्यात चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, फक्त आमचे फिटर चाचा हसले नाहीत, त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "लिखो इनको, जवाब लिखो." चाचांनी सांगितलं म्हणून लिहितोय, आणि थोडं माझ्या पण पोटात होतंच.

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. राहायला पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळा मराठीतून, कारखान्यात हिंदी मराठी कन्नड जे तोंडात येईल ते. त्यामुळं बाहुबलीवर आम्ही एकाच वेळी चार भाषांत भांडलोय, आणि पुण्यामुंबईच्या लोकांना ही मजा कधी कळायची नाही असं माझं मत आहे.

आधी जरा मागचं सांगतो, कारण त्या काकांना वाटतंय हे खूळ आत्ताचं आहे. बाहुबली सिनेमाचा पहिला भाग आला १० जुलै २०१५ ला. शेवटी काय होतं सगळ्यांना माहितीय, सिंहासनाचा म्हातारा गुलाम कट्टप्पा बाहुबलीच्या पोराला, शिवुडूला, त्याच्या बापाची सगळी गोष्ट सांगतो, कालकेय टोळीशी झालेली लढाई सांगतो, बाहुबली किती थोर होता ते सांगतो, आणि मग शिवुडू विचारतो की असा माणूस मेला कसा, मारलं कुणी, तर हाच म्हातारा म्हणतो मीच मारलं. पडदा काळा. आम्ही तेलुगू शो बघत होतो, लाइटी लागल्या तरी कोण उठेना, मागनं एकजण ओरडला "अरे मशीन बंद पडली काय बे, बघा जरा." त्याला खरंच वाटलं रीळ तुटलं.

तिथनं पुढं २८ एप्रिल २०१७ पर्यंत, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या वर, आमच्या भागात दुसरा विषय नव्हता म्हटलं तरी चालेल. तेलुगूत "एंदुकु चंपाडू", मराठीत "का मारलं बे", हिंदीत तर सगळ्या देशाला पाठच होतं. २०१६ च्या गड्ड्याच्या जत्रेत प्लॅस्टिकच्या तलवारी आल्या होत्या, माझ्या पोरानं एक घेतली, घरी येईपर्यंत तिची मूठ निघाली. पण तेवढ्यात त्यानं मला पाठीत दोनदा भोसकून घेतलं आणि दोन्ही वेळा मी "मामा" म्हणून पडायचं असं ठरलं होतं.

यंत्रमागाचा कारखाना ज्यांनी आतनं बघितला नाही त्यांना सांगतो, मशीन चालू असताना शेजारच्याचं काही ऐकू येत नाही, तोंडाजवळ कान न्यावा लागतो नाहीतर हातवारे. पण लाइट गेली की एकदम सगळं थांबतं, इतकं शांत होतं की कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, आणि त्या शांततेत पहिलं वाक्य जे कुणाच्या तोंडून येतं ते म्हणजे तो माणूस गेले दोन तास मनात काय घोळत बसला होता ते. २०१५-१६ ला ते वाक्य हमखास कट्टप्पावर असायचं. एकदा उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, घाम पुसायच्या आधी कोपऱ्यातनं आवाज आला, "ते मेलाच नाय, कट्टप्पानं लपवून ठेवलाय त्याला." मालक शेठ तेव्हा ऑफिसात होते, ते आतनं ओरडले, "दुसऱ्या पार्टचं तिकीट विकायला मारलंय, बीम बदला आधी." धंद्याच्या माणसाला दुसरं काय सुचणार.

थिअऱ्या तर किती. आमच्या गल्लीतल्या रिटायर मास्तरांचं म्हणणं होतं कट्टप्पा म्हणजे भीष्म, सिंहासनाला बांधलेला, त्याला स्वतःचं मत नाही, सिंहासनावर कोण बसलंय एवढंच बघायचं. मला हे बरंच पटलं होतं. पण मास्तर पुढं जाऊन प्रत्येकाला महाभारतातलं एकेक पात्र वाटायला लागले, बाहुबलीचा थोरला चुलता बिज्जलदेव, त्याचा हात अधू म्हणून गादी गेली तर तो धृतराष्ट्र झाला, हे ठीक होतं, पण मग अवंतिका कोण आणि कालकेय कोण करता करता त्यांचाच घोळ झाला आणि ते चिडून घरी गेले. अक्कलकोटकडचा आमचा एक कारागीर होता, घरात कन्नड बोलणारा, तो म्हणायचा बाहुबलीचा चुलतभाऊ भल्लालदेव, त्यानं बाहुबलीच्या बायकोच्या, देवसेनेच्या मानेवर तलवार ठेवली असणार, म्हणून कट्टप्पाला करावं लागलं. माझी स्वतःची थिअरी अशी की बाहुबलीनंच त्याला सांगितलं, मामा, मला मार, म्हणजे माझं पोरगं वाचेल. मी ती इतक्या ठिकाणी इतक्या ठासून सांगितली होती की अजून लग्नाकार्यात कुणीतरी आठवण काढतंच.

आणि चाचांची थिअरी. ती वेगळीच होती, कारण त्यांना कट्टप्पा का मारतो याच्याशी देणंघेणंच नव्हतं. पहिल्या भागात सुदीपचा एक छोटा रोल आहे, अस्लम खान म्हणून तलवारींचा व्यापारी, कट्टप्पाची तलवारबाजी बघून खूश होतो आणि जाताना सांगून जातो की कधी गरज पडली तर हाक मार, मी येतो. चाचा म्हणाले, बघा, एवढा मोठा हिरो एवढ्याशा सीनला कोण उगंच घेत नसतं, दुसऱ्या भागात हा फौज घेऊन येणार. "जबान दी है उसने, आएगा." आम्हाला पण पटलं. सगळ्या कारखान्याला पटलं.

आता पिन्नी. आमच्याकडं आईच्या धाकट्या बहिणीला पिन्नी म्हणतात. माझी पिन्नी विडी कामगार, वयाच्या दहाव्या वर्षापासनं विड्या वळते, शाळा चौथीपर्यंत. तिच्याकडं टीव्हीवर सिनेमा लागला की ती कधी टीव्हीकडं तोंड करून बसत नाही. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू, नजर सुपात आणि कान टीव्हीला. पान उचलायचं, तंबाखू पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं आत दुमडायचं, पुढची. गाणं लागलं की हात जोरात, मारामारी लागली की त्याहून जोरात. फक्त कुणी हळू बोललं की हात थांबतो. मी लहानपणापासनं बघत आलोय, पिन्नीचा हात थांबला की समजायचं इथं काहीतरी आहे.

पहिला भाग टीव्हीवर लागला तेव्हा मी तिच्याकडंच होतो. सुरवातीलाच बाहुबलीला वाढवणारी राणी शिवगामी पाठीत बाण घेऊन त्याच्या बाळाला घेऊन पळते, नदीत पडते, वाहून जाताना हात वर करून बाळ पाण्याच्या वर धरते, हा सीन पोस्टरवर पण होता, सगळ्यांना तो हातच आठवतो. पण ती त्या वेळी शंकराला काहीतरी म्हणते. की मी केलेल्या पापासाठी तुला माझा जीव पाहिजे असेल तर घे, पण हे पोर जगलं पाहिजे. पिन्नीचा हात थांबला. अर्धवट वळलेली विडी तशीच बोटात. तिनं विचारलं, "पाप कसलं रे केलं हिनं?"

मी म्हटलं, पिन्नी, सिनेमा आत्ता सुरू झालाय, बोलायचं म्हणून बोलली असेल.

"बोलायचं म्हणून मरताना कोण बोलतं? हात वर आहे, नाकात पाणी चाललंय, आणि ही पापाचं बोलते. काहीतरी केलंय हिनं."

मग तिनं पुढचा सगळा सिनेमा तसाच ऐकला, आणि शेवटी कट्टप्पा मीच मारलं म्हणाला तेव्हा घरात आम्ही सगळे परत एकदा हळहळलो, आणि ही दोरा तोडत म्हणाली, "मग शिवगामीनंच सांगितलं असणार. ते म्हातारं तिच्या शब्दाबाहेर आहे का? आणि तिचं पाप तेच." झालं. संपला विषय. ती उठली, सूप बाजूला ठेवलं आणि भाताला आधण ठेवायला गेली.

संपादक साहेब, २०१५ साल होतं ते. सगळा देश पावणेदोन वर्षं डोकं खाजवत बसला आणि आमच्या पिन्नीनं पहिल्या पाच मिनिटांतलं एक वाक्य धरून प्रश्न सोडवून टाकला होता. आणि आम्ही काय केलं, तर हसलो. मी तर म्हटलं की शिवगामीनं त्याला आपलं दूध पाजून वाढवलंय, तिनं पोटच्या पोराला सोडून त्याला राजा केलं, ती कशाला मारायला सांगेल, तुला आयांचं काही कळत नाही. तीन पोरं एकटीनं वाढवलेल्या बाईला मी हे सांगत होतो.

मग एप्रिल २०१७. सिनेमा यायच्या आधी कर्नाटकात गोंधळ झाला होता, सत्यराज, म्हणजे ज्यानं कट्टप्पा केला तो, नऊ वर्षांपूर्वी कावेरीच्या पाण्यावरनं काहीतरी बोलला होता ते उकरून काढलं, रिलीज होऊ देणार नाही म्हणाले, शेवटी त्यानं दिलगिरी व्यक्त केली तेव्हा मिटलं. तोवर आमच्या अक्कलकोटकडच्या कारागिराचे विजयपूरचे पाव्हणे सोलापूरला येऊन सिनेमा बघायची तयारी करून बसले होते, सहा जणांची तिकिटं आम्हीच काढायची होती. मिटलं ते बरं झालं, कारण आमचीच निघत नव्हती.

आणि मग माझ्या बाबतीत घात झाला. हैदराबादच्या माझ्या मेव्हण्यानं आदल्या रात्रीच शो बघितला आणि पहाटे साडेपाचला फोन. मी झोपेत उचलला. "बावा, शिवगामीच!" एवढंच बोलला आणि हसायला लागला. मी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोललो नाही, हे खोटं नाही, माझ्या बायकोला विचारा. आणि वर दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या एका पेपरनं, नाव नको, तुमचाच होता की दुसरा ते आता आठवत पण नाही, चक्क हेडिंगमध्ये उत्तर छापलं. चहाच्या टपरीवर पेपर पसरलेला असतो, माणूस वाचायचं म्हणत नसला तरी डोळा जातो. आमच्या टपरीवाल्यानं त्या हेडिंगवर बशी ठेवली होती दिवसभर, गिऱ्हाइकाला विचारायचा, "बघून आलाव का?" आलो म्हटलं तरच बशी उचलायचा. एका टपरीवाल्याला जे कळलं ते पेपरवाल्यांना का कळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण खरी गोष्ट त्याच्यापुढची आहे. मला उत्तर माहिती असताना मी थेटरात बसलो, म्हणजे चिडूनच बसलो होतो, आणि तरी तो सीन आला तेव्हा माझं पाणी पाणी झालं. कारण मला काय झालं हे कळलं होतं, कसं झालं ते नव्हतं कळलं. शिवगामी कट्टप्पाला सांगते की तू मारणार नसशील तर मी मारते. म्हणजे त्याच्यापुढं मारू का नको हा प्रश्नच नाही, प्रश्न एवढाच की आईनं पोराला मारायचं का त्यानं ते पाप आपल्या हातानं करायचं. आमच्या कुणाच्याच थिअरीत हे नव्हतं, पिन्नीच्या पण नव्हतं. आणि तिकडं बाहुबली त्यालाच मामा म्हणून हाका मारतोय, त्यालाच वाचवायला आलाय. आमच्या तेलुगू घरांत मामा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आणि मराठी घरांत काय वेगळं आहे. माझ्या शेजारी माझा सख्खा मामा बसला होता, दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

सगळ्यांना आवडलं असं नाही. बाहेर पडल्यावर "एवढंच?" म्हणणारे बरेच होते. पावणेदोन वर्षं आम्ही किती गुंतागुंत करून ठेवली होती मनात, गुप्त करार, जुळे भाऊ, विष, कायकाय, आणि निघालं काय तर सासू-सुनेचं भांडण आणि कानभरणी, असं आमचा एक कारागीर म्हणाला. त्याच्यात थोडं तथ्य आहे, मी पण मानतो की शिवगामी पहिल्या भागात एवढी धोरणी दाखवली, एकीकडं बाळ पाजत दुसरीकडं दरबार सांभाळणारी, आणि दुसऱ्या भागात त्या बिज्जलदेवाच्या बोलण्याला इतकी पटकन कशी भुलते, तिथं सिनेमा जरा घाईत आहे. हा माझा आक्षेप आजपण आहे. पण एवढंच का असं मी म्हणणार नाही. उत्तर सोपं होतं म्हणूनच पिन्नीला सापडलं. अवघड असतं, म्हणजे कुठनं तरी जुळा भाऊ काढला असता, तर पहिल्या भागात तिनं ऐकलेलं ते वाक्य फुकट गेलं असतं आणि कोण कितीही लक्ष देऊन बसला असता तरी त्याला ओळखता आलं नसतं. ती फसवणूक झाली असती.

पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा इंग्रजी सिरियली बघतो, त्या गेम ऑफ थ्रोन्स म्हणून सिंहासनांच्या आणि ड्रॅगनच्या सिरियलचा शेवट २०१९ ला आला तेव्हा तो आठवडाभर जेवला नाही नीट. दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या म्हणे, शेवटचा सीझन परत बनवा म्हणून. आणि तिच्या मूळ पुस्तकांचा पुढचा भाग वाचणारे २०११ पासनं वाट बघतायत. त्याला मी म्हटलं, तुमच्यात कुणी पिन्नी नव्हती काय. तो म्हणाला, मामा, हजारो होत्या, पण सिनेमावाल्यांनी त्यांचं ऐकलं नाही. जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

अस्लम खान मात्र आला नाही. दुसरा भाग पूर्ण संपला, भल्लाल जळाला, पोरगं गादीवर बसलं, आणि चाचा खुर्चीवरनं उठेनात. पाट्या पडायला लागल्या तरी बघत बसले होते, म्हणाले शेवटी एखादा सीन असेल. नव्हता. अवंतिकेचं पण तसंच, पहिल्या भागात तलवार घेऊन लढणारी पोरगी दुसऱ्या भागात नुसती तोंड दाखवून गेली, त्याच्यावर माझी पुतणी अजून चिडून आहे. त्यात २०२५ च्या ३१ ऑक्टोबरला दोन्ही भाग जोडून पावणेचार तासांचा एकच सिनेमा परत लावला, त्यात वेळ वाचवायला अवंतिकेचं प्रेमाचं गाणंच उडवलं. पुतणी म्हणाली, काका, आता पुढच्या वेळी मला पोस्टरवर पण ठेवणार नाहीत. अस्लम खानाचा सीन ठेवला का उडवला हे बघायला चाचा परत तिकीट काढून गेले होते. काय झालं ते मी विचारलं नाही, आल्यावर त्यांच्या तोंडाकडं बघून धाडसच झालं नाही.

आता त्या काकांच्या मुद्द्यावर येतो. २०२५ च्या नोव्हेंबरात टीझर आला तो या पुढच्या गोष्टीचा, बाहुबली द इटर्नल वॉर, अॅनिमेशन आहे, ईशान शुक्ला म्हणून दिग्दर्शक आहेत, राजामौली पाठीशी आहेत, आणि पहिला भाग २०२७ ला येणार म्हणतात. म्हणजे याचे पण भाग आहेत, म्हणजे पहिल्याच्या शेवटी परत पडदा काळा होणार आणि परत कुणीतरी मागनं ओरडणार. गोष्ट अशी दिसते की बाहुबली मेला तो शेवट नव्हता, तिथनं पुढं त्याचं खरं काम सुरू होतं, आणि इंद्र आणि विषासुर यांच्या लढाईत तो सापडतो. आता यावर पोरं बोलणार नाहीत तर काय करणार, तुम्हीच सांगा. कट्टप्पानं मारला तो देवांनीच मारायला लावला का? इंद्र चांगला का वाईट? मेल्यावर त्याला देवसेना आठवते का?

आमच्या घरात तर हा वाद वेगळ्याच थराला गेला, कारण आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, मार्कंडेयाची माणसं. मार्कंडेयाला न्यायला यम आला, त्यानं शिवलिंगाला मिठी मारली, यमाचा फास लिंगावर पडला आणि आतनं शंकर निघाला, ही गोष्ट आमच्यात पोरं चालायच्या आधी ऐकतात, नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा सगळं पूर्व भाग रस्त्यावर असतं. तर पिन्नीचा पहिलाच प्रश्न, की शिवलिंग खांद्यावर उचलून धबधब्याखाली नेऊन ठेवलं त्याला यम हात कसा लावेल? माझा पोरगा, आता कॉलेजला आहे, लगेच म्हणाला, आज्जी, लिंग उचललं ते शिवुडूनं, म्हणजे पोरानं. मेला तो बाप. पिन्नी म्हणाली, मग काय झालं. हा म्हणाला, काय झालं काय, पुण्य मागं लागू होतं का, बाप आधी मेला, लिंग नंतर उचललं. पिन्नीनं चार विड्या वळल्या, पाचव्याला म्हणाली, "श्राद्ध कोण कुणाचं करतं रे? पोरगं बापाचं का बाप पोराचं?"

पोरगा गप्प. मी पण गप्प. मला वाटतं ते सिनेमा लिहिणाऱ्यांना पण इतकं सुचलं असेल का नाही.

त्या काकांनी असं पण लिहिलंय की आपल्याकडं गोष्टी काय कमी आहेत का, त्या बघा, शेवट माहिती असलेल्या, त्यात हा थिल्लरपणा नसतो. आता यावर मी सोलापूरकर म्हणून बोलतो. दर वर्षी जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, कुंभाराच्या लेकीचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागतं, सात नंदीध्वज येतात, सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम म्हणून लाखभर माणूस एका सुरात अक्षता टाकतो. पुढं काय होणार हे सगळ्यांना पाठ आहे, आणि तरी अंगावर काटा येतो, मला यंदा पण आला. ते खरंच आहे. पण म्हणून जिथं शेवट माहिती नाही तिथं डोकं चालवायचंच नाही असं कुठं आहे? आणि तिथं तरी डोकं चालवत नाहीत असं कोण म्हणतं, माझी आज्जी सांगायची की लहानपणी तिनं विचारलं होतं, त्या पोरीला लग्नानंतर कसं वाटलं असेल, दंडाशी लग्न झालं तर. कुणी उत्तर दिलं नाही, मारलं पण नाही एवढंच.

कामधंदा सोडून करतात म्हणावं तर आमच्या पिन्नीच्या दिवसाच्या हजार विड्या कधी कमी झाल्या नाहीत. आमच्या कारखान्यातला टॉवेल पण या वादापायी कधी अडला नाही, अडतो तो सूत महाग झालं की नाहीतर लाइट गेली की, त्याच्यावर पत्र लिहायचं असेल तर काकांनी जरूर लिहावं, मी खाली सही करतो.

तर माझी तुम्हाला एकच विनंती आहे. २०२७ ला तो सिनेमा येईल तेव्हा परीक्षण छापा, वाईट असेल तर वाईट छापा, बारका छापा मोठा छापा, पण शेवट काय झाला ते हेडिंगमध्ये घालू नका. फोटोखाली पण नको. आत पाचव्या पानावर, शेवटच्या परिच्छेदात, ज्याला पाहिजे तो शोधून वाचेल. निदान पंधरा दिवस तरी. आमच्या टपरीवाल्याकडं बशा मोजक्याच आहेत.

आणि आता मुद्दाम पोस्टानं का पाठवलं ते सांगतो, ईमेल पण करता आला असता. या पाकिटात आत एक छोटं पाकीट आहे, डिंकानं चिकटवलेलं, त्याच्यावर विडीचा दोरा गुंडाळलाय. त्यात बाहुबली पाताळात कुणामुळं गेला याचं पिन्नीचं उत्तर आहे. तिनं टीझर दोनदा ऐकला, दुसऱ्या वेळी एका जागी हात थांबला, मी बघितला, पण कुठल्या जागी ते मी लिहिणार नाही. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं, खाली तिचा अंगठा नाही, सही आहे, चौथी शिकलीय ती. या वेळी कुणी हसलं नाही. ते पाकीट छापू नका, उघडू नका, तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि सिनेमा आल्यावर उघडा.

शेजारी दुसरी एक घडी केलेली चिठ्ठी सापडेल, तिला ग्रीसचे डाग आहेत. ती चाचांची. ती चिकटवलेली नाही, कारण आत काय लिहिलंय ते तुम्ही न उघडताच ओळखाल.

आपला एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर